भारतीय पासपोर्ट, कोरियातली इंग्रजीची नोकरी : एका अर्जाचा प्रकरण अभ्यास

प्रकरणातली शिक्षिका 29 वर्षांची, सातारा जिल्ह्यातली. इंग्रजी विषयात बी. ए., त्यानंतर बी. एड., आणि एका सेमी-इंग्रजी शाळेत पाच वर्षांचा अनुभव. पासपोर्ट भारतीय, लग्नानंतर काढलेला, त्यामुळे त्यावर सासरचे आडनाव. तिच्या हातात एक प्रस्ताव आहे: सोलला लागून असलेल्या ग्यॉन्गी प्रांतातल्या हाग्वॉनमध्ये, म्हणजे खासगी शिकवणी संस्थेत, महिना 23 लाख वॉन पगार, राहायला खोली. मधला एजंट दीड लाख रुपये मागतो आहे आणि सांगतो आहे, "आत्ता पर्यटक व्हिसावर जा, तिथे पोचल्यावर कामाचा करून देतात." ही शिक्षिका कोणी एक खरी व्यक्ती नाही. अशा अर्जांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या अडचणी एका ठिकाणी याव्यात म्हणून ही परिस्थिती मांडली आहे. नियम आणि आकडे मात्र खरे आहेत.

प्रस्ताव का बसत नाही

कोरियात परदेशी भाषा शिकवण्यासाठी ई-2 व्हिसा लागतो. इंग्रजीसाठी तो सर्वसाधारणपणे सातच देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. इथे नागरिकत्व बघतात. इंग्रजी किती चांगले आहे, शिक्षण कुठल्या माध्यमात झाले, याचा या टप्प्यावर संबंध येत नाही. टोरंटोत वाढलेला, कॅनडाचा पासपोर्ट असलेला मराठी मुलगा हाग्वॉनमध्ये रीतसर लागू शकतो. आपली शिक्षिका, पाच वर्षे वर्गावर उभी राहिलेली असूनही, लागू शकत नाही. हे तिच्यावर अन्याय करणारे आहे असे आम्हाला मनापासून वाटते, पण अर्ज नियमाकडे बघूनच भरावा लागतो.

म्हणजे हाग्वॉनच्या प्रस्तावाला कायद्याचा पायाच नाही. पर्यटक व्हिसावर शिकवताना सापडल्यास दंड, हकालपट्टी आणि पुन्हा प्रवेशावर बंदी, असा मामला होतो. मालकालाही दंड होतो, पण तो त्याच्या घरीच राहतो. "तिथे गेल्यावर बदलून देतात" हे तर मुळातच अशक्य, कारण हाग्वॉनसाठीचा ई-2 भारतीय पासपोर्टवर तिथे गेल्यावरही निघत नाही. एखादी भारतीय व्यक्ती हाग्वॉनमध्ये शिकवताना दिसली, तर बहुधा ती कोरियन नागरिकाशी लग्न करून एफ-6 वर आलेली असते किंवा तिच्याकडे दीर्घ वास्तव्याचा एफ वर्गातला दुसरा व्हिसा असतो. एजंट नेमकी अशीच उदाहरणे दाखवतात.

एजंटाबद्दल आणखी एक तपासणी पाच मिनिटांत होते. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याला 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते. ही नोंदणी केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर कोणालाही बघता येते, आणि उमेदवाराकडून घेण्याच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा 30,000 रुपये अधिक जीएसटी आहे. दीड लाखाची मागणी इथेच उघडी पडते. कोरियातल्या शिक्षकभरतीत तर मध्यस्थाचे पैसे सहसा संस्था देते, शिक्षक देत नाही.

जो मार्ग आहे तो

भारत आणि कोरिया यांच्यातला सर्वंकष आर्थिक भागीदारी करार, म्हणजे सेपा, ऑगस्ट 2009 मध्ये झाला आणि 1 जानेवारी 2010 पासून लागू झाला. ज्या व्यावसायिकांना कोरियाने त्यात दार उघडले, त्यांत प्राथमिक आणि माध्यमिक शाळांतले इंग्रजीचे सहायक शिक्षकही आहेत. अट अशी की पदवी हवी आणि इंग्रजी शिकवण्याची शिक्षक-पात्रता हवी. व्हिसा ई-2 याच वर्गातला, पण करारापुरता वेगळा उपप्रकार. याच्यावर शाळेतच शिकवता येते, हाग्वॉनमध्ये नाही.

आपल्या शिक्षिकेकडे बी. एड. आहे, म्हणजे दार तिच्यासाठी उघडे आहे. मात्र करारामुळे पात्रता मिळते, जागा मिळत नाही. सरकारी शाळांसाठी परदेशी शिक्षक घेण्याचे मोठे काम एपिक हा कार्यक्रम करतो. तो 1995 पासून चालू आहे. शिक्षक कोणत्या प्रांतात, किती आणि कोण घ्यायचे हे तिथली शिक्षण कार्यालये ठरवतात, आणि सात देशांतले उमेदवार त्यांच्या परिचयाचे असतात. म्हणून अर्ज भरण्याआधी त्या सत्राच्या माहितीपत्रकातले भारतीय नागरिकांबद्दलचे कलम वाचायचे, संदिग्ध वाटले तर ईमेलने विचारायचे आणि आलेले लेखी उत्तर जपून ठेवायचे. शाळेतली नोकरी सोडण्याचा विचार हे उत्तर आणि नेमणूक हातात येईपर्यंत करू नये. बिनपगारी रजा मिळत असेल तर उत्तम.

कोरियातले शालेय वर्ष मार्चमध्ये सुरू होते, दुसरे सत्र ऑगस्टच्या अखेरीस. एपिकची भरतीही याच दोन वेळांना होते. वसंत सत्राचे अर्ज आधीच्या ऑगस्टमध्ये, शरद सत्राचे फेब्रुवारीत खुले होतात. महाराष्ट्रातल्या कागदपत्रांचा वेग बघता आम्ही वसंत सत्र धरू. जूनमध्ये कागद हलवायला घेतले तर डिसेंबरपर्यंत सगळे हातात येतात. त्यात दिवाळीची सुट्टी येते, हे हिशेबात धरून.

कागद: बहुतेक अर्ज इथे अडतात

कोरियाला भारतीय कागदपत्रे अपोस्टिलसह हवी असतात. अपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचे, आंतरराष्ट्रीय करारानुसार दिलेले सरकारी प्रमाणन. भारत या करारात 2005 पासून आहे, कोरिया 2007 पासून. काम तसे सरळ आहे, फक्त क्रम चुकता कामा नये. पदवीची विद्यापीठाकडून पडताळणी, मग राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाचे प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल. मंत्रालय कागद थेट हाती घेत नाही, नेमलेल्या सेवा-संस्थांमार्फत घेते. मुंबईतही ही सोय आहे. सरकारी शुल्क दर कागदाला 50 रुपये, बाकीचे पैसे सेवाशुल्काचे. त्यामुळे "अपोस्टिल आठ हजार" असे कोणी सांगितले तर त्यातले सरकारचे किती, हे विचारावे.

पहिली अडचण म्हणजे पदवी प्रमाणपत्रच हातात नसणे. आपल्याकडे गुणपत्रक आणि तात्पुरत्या प्रमाणपत्रावर नोकऱ्या लागतात आणि दीक्षान्त समारंभानंतरचे मूळ प्रमाणपत्र कित्येक जण विद्यापीठातून आणतच नाहीत. कोरियाला तात्पुरते प्रमाणपत्र चालत नाही. बी. ए. आणि बी. एड. दोन्हींची मूळ प्रमाणपत्रे आधी काढून घ्यावीत.

दुसरी अडचण लॅमिनेशनची. प्रमाणपत्र खराब होऊ नये म्हणून घरोघरी ते प्लास्टिकमध्ये बंद करून ठेवलेले असते. अपोस्टिलचे स्टिकर आणि शिक्के कागदाच्या पाठीवर येतात, ते प्लास्टिकवर देत नाहीत. लॅमिनेशन सोडवून देणारे असतात, पण उष्णतेने शाई प्लास्टिकला चिकटून येण्याचा धोका असतो, आणि जुन्या, पातळ कागदावर तर तो फारच. त्यापेक्षा विद्यापीठाकडे दुय्यम प्रतीसाठी अर्ज करणे महाग पडले तरी शहाणपणाचे. कोरियाला मूळ प्रत हवी की अपोस्टिल केलेली सत्यप्रत चालेल, हेही सुरुवातीलाच विचारून ठेवावे. एकदा जमा झालेला कागद परत मिळेल असे गृहीत धरू नये.

तिसरी अडचण नावाची, आणि आपल्या शिक्षिकेला तीच सर्वांत जड जाणार. पदवीवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, कधी त्यापुढे आईचेही. पासपोर्टवर नाव, पतीचे नाव आणि सासरचे आडनाव. महाराष्ट्रातल्या कारकुनाला यात काही खटकत नाही. कोरियातल्या अधिकाऱ्याला मात्र त्या दोन वेगळ्या बायका दिसतात. विवाह नोंदणी प्रमाणपत्र अपोस्टिल करून जोडणे हा पहिला उपाय. पासपोर्टवरचे नाव राजपत्रात प्रसिद्ध करून बदललेले असेल तर त्या राजपत्राची प्रत जोडावी. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असे प्रतिज्ञापत्र सोबत द्यावे, पण केवळ त्याच्यावर भिस्त ठेवू नये. आणि अर्जातले नाव पासपोर्टवर आहे अक्षरशः तसेच लिहावे. स्पेलिंगमधला एक जादा 'ए' सुद्धा पुढे विमानाच्या तिकिटापासून बँक खात्यापर्यंत त्रास देतो.

चौथी अडचण बी. एड. च्या गुणपत्रकातली. भारतात शिक्षकाचा परवाना असा वेगळा नसतो, पदवी हीच पात्रता. करारात हवी ती इंग्रजी शिकवण्याची पात्रता. म्हणून बी. एड. च्या सविस्तर गुणपत्रकात इंग्रजी ही अध्यापन पद्धती म्हणून स्पष्ट दिसली पाहिजे. इतिहास आणि मराठी या पद्धती घेऊन बी. एड. झालेल्या, पण प्रत्यक्षात इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांचा अर्ज इथे कमजोर पडतो. आपल्या शिक्षिकेची पहिली पद्धती इंग्रजी आहे. तरीही तिने महाविद्यालयाकडून तसे पत्र घ्यावे, आणि टीईटी किंवा सीटीईटी उत्तीर्ण असेल तर ते प्रमाणपत्रही लावावे.

पोलिसांच्या दाखल्याबाबत गोंधळ फार. महाराष्ट्र पोलीस ऑनलाइन चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र देतात, ते शाळेत, कारखान्यात चालते. कोरियाला देशपातळीवरचा दाखला लागतो, म्हणजे पासपोर्ट सेवा केंद्रामार्फत मिळणारे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट. शुल्क 500 रुपये, त्यावर पुन्हा अपोस्टिल. हा दाखला सहा महिन्यांच्या आतला असावा लागतो, त्यामुळे जूनमध्ये सगळ्यात आधी तोच काढणे ही चूक ठरते, तो फेब्रुवारीपर्यंत टिकत नाही. पदवी जूनमध्ये हलवा, पोलीस दाखला ऑक्टोबरमध्ये. पासपोर्टवरचा पत्ता जुना असेल तर तो आधी बदलून घ्या, नाहीतर पडताळणी माहेरच्या आणि सासरच्या पोलीस ठाण्यांत फिरत राहते.

पाठ आणि मुलाखत

अर्जात निबंध, दोन शिफारसपत्रे आणि एक पाठ द्यावा लागतो. बी. एड. झालेले उमेदवार पाठ टाचणात पटाईत असतात आणि नेमके तिथेच घसरतात. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, फलकलेखन अशा रकान्यांचे टाचण पाठवले तर वाचणाऱ्याला दिसते ते एकटी बोलणारी शिक्षिका आणि ऐकणारी मुले. कोरियातला परदेशी शिक्षक सहायक असतो. वर्गात कोरियन शिक्षक सोबत असतो, व्याकरण आणि परीक्षा त्याच्याकडे असतात, बोलणे-ऐकणे आपल्याकडे. पाठात प्रत्येक टप्प्याला दोघांची कामे वेगवेगळी लिहावीत.

प्राथमिक शाळेत तास 40 मिनिटांचा. इंग्रजी तिसरीपासून, तिसरी-चौथीला आठवड्याला दोन तास, पाचवी-सहावीला तीन. पाचवीसाठी "तू शनिवारी काय केलेस?" असा एकच प्रश्नप्रकार घ्यावा. 5 मिनिटे चित्रांवरून उजळणी, 8 मिनिटे दोघा शिक्षकांचा नमुना संवाद, 15 मिनिटे जोड्यांनी एकमेकांना विचारून तक्ता भरणे, 9 मिनिटे गटाचा खेळ, 3 मिनिटे वहीत एक वाक्य. या वेळात मुले किती मिनिटे स्वतः बोलतात हे मोजावे. निम्म्याहून कमी भरली तर पाठ पुन्हा लिहावा. मुलाखतीत हाच पाठ उलगडून विचारतात. उच्चार अमेरिकन करण्याचा खटाटोप करू नये. तो ताण ऐकू येतो. वेग कमी ठेवावा आणि वाक्य पूर्ण करावे.

व्हिसा आणि तब्येत

नेमणूक झाल्यावर करारपत्र येते, कागद कोरियाला जातात, तिथले इमिग्रेशन कार्यालय व्हिसा मंजुरीचा क्रमांक देते आणि तो घेऊन इथे अर्ज करायचा. महाराष्ट्र आणि गोवा मुंबईच्या कोरियन वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात. मंजुरीची मुदत तीन महिने असते, त्यामुळे क्रमांक आल्यावर रेंगाळू नये.

भारत क्षयरोगाचे प्रमाण जास्त असलेल्या देशांच्या कोरियन यादीत आहे. लांबच्या मुक्कामाच्या व्हिसाला क्षयरोग नसल्याचे प्रमाणपत्र लागते आणि ते दूतावासाने मान्य केलेल्या रुग्णालयाचेच हवे. गावातल्या डॉक्टरचा एक्स-रे चालत नाही. पूर्वी क्षयरोग होऊन बरा झालेला असेल तर उपचाराचे जुने कागद सोबत न्यावेत, कारण छातीच्या चित्रात जुना डाग दिसतोच. कोरियात पोचल्यावर पुन्हा तपासणी होते, तिच्यात अमली पदार्थांची चाचणीही असते. म्हणून औषधांची पेटी भरताना जपा. कोडीन असलेले खोकल्याचे औषध किंवा झोपेच्या, चिंतेच्या काही गोळ्या तिथे नियंत्रित पदार्थ आहेत. खरोखर गरज असेल तर आधी कोरियाच्या अन्न व औषध सुरक्षा मंत्रालयाची परवानगी काढावी लागते.

पोचल्यापासून 90 दिवसांत परदेशी नोंदणी करून रहिवासी ओळखपत्र घ्यायचे. ते येईपर्यंत बँक खाते आणि मोबाइल दोन्ही अडखळत चालतात. ओळखपत्र काढताना पासपोर्ट द्यावा लागतो, तेवढ्यापुरताच. "तुमचा पासपोर्ट आमच्या कपाटात सुरक्षित राहील" असे म्हणणाऱ्या मालकाला तसे करण्याचा अधिकार नाही.

पैशांचा हिशेब

सरकारी शाळेतला नवा शिक्षक 22 लाख वॉनच्या आसपास सुरू होतो असे धरू. 2025 मध्ये किमान वेतन तासाला 10,030 वॉन होते, म्हणजे महिन्याच्या 209 तासांना 20,96,270. पगार त्याच्या जेमतेम वर आहे, हे भुलण्याआधी लक्षात घ्यावे. त्यातून राष्ट्रीय पेन्शन 4.5 टक्के म्हणजे 99,000, आरोग्य विमा 3.545 टक्के म्हणजे सुमारे 78,000, दीर्घकालीन शुश्रूषेचा छोटा हप्ता आणि प्राप्तिकर (हे दर 2025 चे, पेन्शनचा दर 2026 पासून वाढत जातो). हाती 20 लाखांच्या जरा आत येतात. 16 वॉनला 1 रुपया या दराने साधारण 1 लाख 24 हजार रुपये.

घर शाळेचे असते किंवा त्याऐवजी भाडेभत्ता मिळतो. एपिकच्या करारात येण्याच्या खर्चापोटी 13 लाख वॉन आणि बस्तान बसवायला 3 लाख वॉन अशी तरतूद राहिली आहे. तिकीट मात्र आधी स्वतःच्या खिशातून काढायचे, आणि सहा महिन्यांच्या आत सोडले तर येण्याचा भत्ता परत द्यावा लागतो. पहिला पगार हातात येईपर्यंत 10 ते 15 लाख वॉन जवळ असावेत. हिवाळ्यात जमीन तापवण्याच्या गॅसचे बिल उन्हाळ्याच्या कित्येक पट येते. शाकाहारी माणसाने शाळेच्या जेवणाची चौकशी आधी करावी: किमचीत मासळीचा रस असतो आणि साध्या दिसणाऱ्या सूपचे पाणीही बहुधा सुक्या मासळीचे. साताऱ्याची आपली शिक्षिका सुकट-बोंबील खाणारी असेल तर तिचे निभेल.

घरी किती पाठवता येईल? काटकसरीने राहिल्यास महिन्याला 8 ते 10 लाख वॉन. त्या आकड्यावर गृहकर्ज उचलू नये, कारण करार एक वर्षाचा असतो.

करार वाचताना

आठवड्याला 40 तास शाळेत, त्यातले 22 शिकवण्याचे, हा सरकारी शाळेचा नेहमीचा साचा. त्यापुढच्या तासांना जादा पैसे. करार 12 महिन्यांचा पूर्ण असावा. खासगी क्षेत्रात 11 महिन्यांचा करार देतात किंवा अकराव्या महिन्यात काढून टाकतात, त्यामागे कारण आहे: वर्ष पूर्ण झाले की कायद्याने सुमारे एका महिन्याच्या पगाराइतकी सेवासमाप्तीची रक्कम द्यावी लागते, तीही नोकरी संपल्यापासून 14 दिवसांत. शिक्षकाला कर्मचारी न दाखवता स्वतंत्र व्यावसायिक दाखवून फक्त 3.3 टक्के कर कापणे ही दुसरी युक्ती. हाती पैसे जास्त दिसतात, पण पेन्शनमधला मालकाचा वाटा, विमा आणि सेवासमाप्तीची रक्कम असे तिन्ही जाते. पगारपत्रकात 3.3 दिसले की लगेच विचारावे.

व्हिसा त्या शाळेला बांधलेला असतो. संध्याकाळी शेजारच्या मुलांची पैसे घेऊन शिकवणी घेणे बेकायदा आहे, मग ती आई कितीही आग्रह करो. मध्येच जागा बदलायची तर बहुतेक वेळा आधीच्या मालकाचे संमतिपत्र लागते. तक्रार करायची तर कामगार मंत्रालयाचा 1350 आणि इमिग्रेशनचा 1345 हे क्रमांक आहेत, तिथे इंग्रजीत बोलता येते. तक्रारीला पुरावा लागतो, म्हणून पहिल्या दिवसापासून करार, पगारपत्रके, तासांची नोंद आणि खोलीचे फोटो स्वतःच्या ईमेलवर ठेवावेत. शाळेच्या संगणकावर ठेवलेले कागद वाद झाला त्या दिवशी हाती लागत नाहीत.

परतताना पेन्शनचा भाग विसरला जातो. भारत-कोरिया सामाजिक सुरक्षा करार नोव्हेंबर 2011 पासून लागू आहे, आणि कायमचे परतणाऱ्या भारतीयाला भरलेली पेन्शन एकरकमी मागता येते. 22 लाखांच्या पगारावर वर्षभरात स्वतःचे सुमारे 12 लाख आणि मालकाचे तेवढेच जमा झालेले असतात. अर्जाला पासपोर्ट, रहिवासी ओळखपत्र, बँक खात्याचा तपशील आणि परतीचे तिकीट लागते. ओळखपत्र विमानतळावर जमा करण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंची प्रत काढून ठेवावी. त्याच आठवड्यात शाळेकडून तासांच्या उल्लेखासह अनुभवपत्र आणि कोरियन पोलिसांचा दाखला घेऊन दोन्हींवर तिथेच अपोस्टिल करून घ्यावे. पुढच्या देशातला अर्ज असो की महाराष्ट्रातली शाळा, हे दोन कागद भारतात बसून मागवणे फार वेळखाऊ पडते.